गाव निवडायचं तर जुलैचा सोमवार आठवा

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी गटाच्या बैठकीला जमून एकत्र ऐकत असाल. सगळ्यांना राधानगरी तालुक्यातल्या आमच्या बचत गटाचा नमस्कार.

आज आम्ही बोलणार आहोत ते बिऱ्हाड हलवण्याबद्दल. आपल्याकडं बाई लग्न होऊन एका गावाहून दुसऱ्या गावी जाते, तेव्हा तिला गाव निवडायला कुणी सांगत नाही. पुढं मालकांची बदली झाली तरी तेच. आधी सामान बांधायचं आणि मग गाव बघायचं. आमच्या गटातल्या एका ताईवर 2023 साली अशीच वेळ आली. तेव्हा आम्ही ठरवलं की या खेपेला आधी गाव बघायचं, मग सामान बांधायचं. त्यात आम्हाला काय कळलं आणि आमचं काय चुकलं, ते दोन्ही सांगतो.

ताईंचे मालक सरकारी नोकरीत आहेत. बदली कोकणात होणार हे ठरलं आणि तीन ठिकाणं पसंतीच्या क्रमानं लिहून द्यायला सांगितलं. घरात बोलून तीन नावं पुढं आली, रत्नागिरी, मालवण आणि वेंगुर्ला. तिन्ही समुद्राकाठची. घरात दोन मुलं. मुलगी सातवी संपवून आठवीत जाणार, मुलगा तिसरीत. मुलगी पळण्यात तरबेज. आठशे मीटरला तालुक्यापर्यंत जाऊन आलेली. रोज पहाटे वडिलांबरोबर रस्त्यावर पळायची. मुलाला नदी, झाड, सायकल यांशिवाय दुसरं काही सुचत नाही.

आता घरातली मतं ऐका. मालक म्हणाले मालवण, कारण सहलीला जाऊन आले होते आणि पाणी निळंशार होतं. सासूबाई म्हणाल्या रत्नागिरी, मोठं गाव, दवाखाना जवळ. आणि पुढं म्हणाल्या, "पोरगी वयात आलीया. तिला दर्याकाठी हुंदडायला न्यायचं कशाला? हितं ऱ्हाऊ दे आमच्यापाशी." ताई काहीच बोलल्या नाहीत. बैठकीत आल्या आणि हजेरीच्या वहीवर डोकं टेकून रडल्या. मुलीची शाळा, मुलीचं पळणं आणि मुलगी आपल्याजवळ राहणं, यातलं एक काहीतरी सुटणार असं त्यांना वाटत होतं.

आम्ही अकराजणी. कुणाला कोकणाची फार माहिती नाही. पण कर्जाचा अर्ज आला की आम्ही प्रश्न विचारतो ना, कशासाठी, किती, फेडणार कसं? तसेच प्रश्न गावाला विचारायचे ठरवले. वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला. पहिला प्रश्न, घर ते शाळा ही वाट मुलगी एकटी चालू शकेल का? दुसरा, शाळा सुटल्यावर ती खेळणार कुठं आणि तिथं आणखी मुली येतात का? तिसरा, दहावीनंतर त्याच गावात पुढं शिकता येतं का? चौथा, आपल्याला परवडेल असं भाडं नेमकं कुठल्या भागात आहे? पाचवा, अडीअडचणीला घाट चढून घरी यायचं तर कसं? आणि सहावा, ताईंना तिथं काय काम करता येईल? सहावा प्रश्न ताईंनी लिहिला नव्हता. तो आम्ही घातला.

मग मे महिन्यात आम्ही तिघी, ताई आणि त्यांची दोन्ही मुलं बघायला निघालो. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळं ते जमलं. नाहीतर गाव बघायला तीन बायका जातात म्हटल्यावर घरी काय ऐकावं लागलं असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आधी रत्नागिरी. कोल्हापूरहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत उतरलो. शिक्षणाच्या बाबतीत तिन्हींत हे गाव वरचढ. जुन्या नावाजलेल्या शाळा आहेत. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय 1945 पासून आहे. तंत्रनिकेतन आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालय गावातच आणि कोकण रेल्वेचं स्टेशनही. दहावीनंतर मुलीला दुसरीकडं पाठवायची वेळच येणार नाही, हे फार मोठं आहे. मांडवीला संध्याकाळी गेलो तर अख्खं गाव हवा खायला आलेलं. पण आम्हाला परवडणाऱ्या खोल्या मिळत होत्या त्या गावाच्या बाहेरच्या अंगाला. तिथून शाळेला रिक्षा किंवा बस, आणि मैदानाला परत दुसरी. समुद्र रविवारी बघायचा. म्हणजे पोरांना कोकणात न्यायचं आणि रिक्षात बसवायचं. ज्यांची मुलं अकरावी-बारावीची आहेत किंवा घरात आजारी माणूस आहे, त्यांनी मात्र डोळे मिटून रत्नागिरी लिहावी असं आमचं मत झालं.

दुसऱ्या खेपेला दाजीपूरवरून फोंडा घाट उतरलो, कणकवलीला गाडी बदलली आणि मालवण गाठलं. खरं सांगतो, मालवण बघून आम्ही तिघीही पाघळलो. समोर सिंधुदुर्ग किल्ला. 1664 साली शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं आणि आजही किल्ल्यात माणसं राहतात. टोपीवाला हायस्कूल, भंडारी हायस्कूल अशा जुन्या शाळा, स. का. पाटील महाविद्यालय, तंत्रनिकेतन. चिवला बीचवर डिसेंबरात समुद्रात पोहण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा होतात. तारकर्लीला पाण्याखाली बुडी मारायचं शिकवणारी सरकारी संस्था आहे. पाण्याची आवड असलेल्या मुलासाठी याहून चांगलं गाव नाही.

अडलं ते घराशी. आम्ही बघितलेल्या दोन घरांचे मालक म्हणाले, खोली देतो, पण दिवाळीत आणि मे महिन्यात पाहुणे येतात तेव्हा रिकामी करून द्यायची. तिसरं घर बारमाही मिळत होतं, त्याचं भाडं झेपणारं नव्हतं. पर्यटनावर गाव चालतं, त्यात त्यांचंही चूक नाही. पण वर्षातून दोनदा बिऱ्हाड उचलून मुलांनी अभ्यास कधी करायचा? गावाबाहेर दहा किलोमीटरवर स्वस्तात घर होतं. आणि खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून. तेही चाललं असतं. पण मग शाळा सुटल्यावर पळायला थांबायचं तर शेवटची गाडी चुकणार. तक्त्यातला दुसरा प्रश्न तिथं अडला.

तिसरं वेंगुर्ला. तिन्हींत लहान. कुडाळवरून उतरलो. झाडीतले रस्ते, उताराची कौलं आणि चालत जाता येईल एवढं गाव. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात इथल्या नगरपरिषदेनं राज्यात नाव मिळवलंय, ते रस्त्यावर दिसतं. हायस्कूल, खर्डेकर महाविद्यालय, कॅम्पातलं मैदान आणि बंदर, सगळं एका फेरीत बघून झालं. उणं काय? रेल्वे गावात नाही, कुडाळला नाहीतर सावंतवाडीला जावं लागतं. मोठ्या दवाखान्याला ओरोस किंवा गोवा गाठायचं. बारावीनंतर वेगळं काही शिकायचं असेल तर गाव सोडायचं.

मैत्रिणींनो, या गावाशी आपलं एक जुनं नातं आहे. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 हे काजू तुमच्यातल्या आजरा-चंदगडच्या बायकांना माहीत असतील. ते इथल्याच फळ संशोधन केंद्रातून आले. आणि याच तालुक्यातल्या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर 1920 ते 1938 पर्यंत शिक्षक होते. तिथून ते आपल्या कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. ते वर आले, आमची पोरगी खाली निघाली.

संध्याकाळी आम्ही मैदानाच्या कडेला बसून भेळ खात होतो. आमचा तक्ता चालूच होता, भाडं किती, पाणी किती वेळ. मुलगी उठून तिथं पळणाऱ्या चार मुलींकडं गेली. दहा मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, "आई, ह्या साडेसहापर्यंत थांबतात. रोज. आणि चालत घरी जातात." बस्स. आम्ही दोन खेपा, सहा प्रश्न आणि वहीची चार पानं खर्च केली होती. तिनं एक प्रश्न विचारला आणि तो ज्यांना विचारायचा त्यांनाच विचारला. सगळा वेळ आम्ही तिच्याबद्दल बोलत होतो. तिला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई, तुला काय पाहिजे?

घरी येऊन तिनंच आजीला सांगितलं. सासूबाई लगेच "हो" म्हणाल्या नाहीत. पण कांबळवाडीच्या पोरीबाळींनी बाहेर खेळायचंच नाही का, असा वाद आमच्या तालुक्यात आता कुणी फार वेळ घालत नाही. खेळानं घराचं नाव होतं हे लोकांना पटायला लागलंय. पुढच्याच वर्षी त्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक आणलं. सासूबाई चार दिवसांनी एवढंच म्हणाल्या, "पाण्यात जाऊ देऊ नका म्हणजे झालं." मालकांनी यादीत वेंगुर्ला वर लिहिलं आणि नशिबानं तेच मिळालं.

आता निघण्याच्या तयारीचं सांगतो, कारण इथं बायका अडकतात. ताई गटाच्या सचिव. महिन्याला शंभर याप्रमाणं नऊ वर्षांची त्यांची बचत 10,800 रुपये झाली होती आणि अंतर्गत कर्जातले 6,000 बाकी होते. आम्ही बैठक घेऊन ठराव लिहिला. कर्ज वळतं केलं, व्याजाच्या वाट्यासह उरलेली रक्कम त्यांच्या हातात दिली. बँकेत सहीचा अधिकार दुसऱ्या बाईच्या नावे केला. हे सगळं ताई इथं असतानाच केलं. सदस्य गाव सोडून गेली आणि सही तिचीच राहिली, म्हणून खातं अडकलेले गट आम्ही बघितलेत.

मुलांचे कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जन्माचा दाखला, जातीचा दाखला काढायचा असेल तर तो. जातीच्या दाखल्याची कागदपत्रं मूळ गावी असतात, ती निघण्याआधीच गोळा करा. दाखला मिळायला उशीर झाला तरी घाबरू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश त्या कारणानं सरकारी किंवा अनुदानित शाळेला अडवता येत नाही. रेशनकार्डही तिथं चालतं, धान्य कुठल्याही गावी घेता येतं. आणि एक, शाळा बदलायचीच असेल तर आठवीला बदला. नववी-दहावी एका जागी होऊ द्या. अभ्यासाची काळजी करू नका. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग गेली कित्येक वर्षं राज्यात पहिला येतो. 2025 ला दहावीचा निकाल 98.82 टक्के लागला.

आता आमच्या चुका सांगतो.

आम्ही गाव मे महिन्यात बघितलं. ताई राहायला गेल्या जूनमध्ये. आमच्याकडं पाऊस कमी नाही, पण तिथला दमटपणा वेगळा. कपडे वाळेनात, दप्तराला बुरशी, वाऱ्यात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं या किनाऱ्यावर झाडं आणि विजेचे खांब पाडले होते. त्याच्या गोष्टी शेजारणी सांगायच्या आणि ताईंना झोप लागायची नाही. आणि ज्या मैदानासाठी गाव निवडलं, त्या मैदानात पाणी. जुलैच्या एका सोमवारी मुलीनं फोन केला, "मावशी, हितं मैदानच नाही आता." आमच्या तक्त्यात पावसाळा नव्हताच. विचारायला हवं होतं की जुलैतल्या सोमवारी सकाळी मूल शाळेत कसं जाणार आणि संध्याकाळी कुठं खेळणार? शेवटी तिनं शाळेच्या पडवीत दोरीवरच्या उड्या मारून दिवस काढले. गणपती झाल्यावर मैदान मोकळं झालं.

दुसरं, वर्गात मुलं मालवणी बोलायची आणि हिला "घाटी" म्हणायची. पहिले तीन महिने ती कुणाशी बोलली नाही. ताईंनी भांडण केलं नाही. दोन मैत्रिणींना घरी बोलावून आपला पांढरा रस्सा खाऊ घातला. त्या दोघींनी हिला मालवणी शिकवली. आता सुट्टीला आली की आम्हालाच समजत नाही काय बोलते ते. पण गाव बदलताना हा एकटेपणा येणार, त्यासाठी घरात कुणीतरी दुपारी मोकळं असावं लागतं. दोघंही कामावर असतील तर पहिलं सहामाही फार जड जातं.

तिसरं, घाट. पहिल्याच पावसात सासूबाई आजारी पडल्या. नेहमीच्या रस्त्यावर दरड आल्याचं कळलं आणि ताईंना आंबोलीवरून फिरून यावं लागलं. रात्री पोचल्या. तेव्हापासून फोंडा, आंबोली, गगनबावडा अशा तिन्ही वाटांच्या गाड्यांच्या वेळा भिंतीवर लिहिल्यात.

आणि समुद्राचं. सासूबाईंचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं होतं, पण ते खरं होतं. आपली पोरं पंचगंगेत, भोगावतीत पोहायला शिकतात आणि त्यांना वाटतं आपल्याला पोहता येतं. नदी एका दिशेनं वाहते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. किनाऱ्यावरून पाणी आत ओढणारी धार असते, ती वरून शांत दिसते. तिच्यात सापडलं तर सरळ किनाऱ्याकडं झुंजायचं नाही, माणूस दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. हे ताईंना शेजारच्या कोळीणमावशींनी सांगितलं. त्यांचा नियम असा की जून ते नारळी पौर्णिमा पाण्यात पाय घालायचा नाही. यांत्रिक होड्यासुद्धा जून-जुलैत बंद असतात, मग तुमची पोरं कोण लागून गेली? एरवीही गावच्या माणसाला विचारल्याशिवाय गुडघ्याच्या वर पाणी नको. मुलगा आता हे नियम पाहुण्यांना ऐकवतो. मुलगी ओहोटीला घट्ट वाळूवर पळते, वडील सायकलवर मागं.

राहिला सहावा प्रश्न. ताईंनी गेल्यावर पहिल्यांदा मांडवी खाडीतल्या स्वामिनी बचत गटाचं काम बघितलं. तिथल्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. ताईंनी फोनवर सांगितलं, "अगं, आपल्यासारख्याच बायका आहेत, आणि वल्हं हातात!" त्यानंतर वर्षभरानं त्या त्यांच्या आळीतल्या एका छोट्या गटात सामील झाल्या. हिशेबाची वही तिथंही त्यांच्याकडंच आली.

मुलगी आता दहावीत आहे. बारावीनंतर वेंगुर्ला कदाचित सोडावं लागेल, हे आम्हाला माहीत आहे. ताई म्हणतात, तेव्हा तिलाच विचारू.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात बदलीचा, स्थलांतराचा विषय निघाला तर एवढं करा. सहलीच्या आठवणीवर गाव निवडू नका. जमलं तर पावसाळ्यात एक फेरी मारा. नाही जमलं तर तिथल्या बायकांना फोन करून जुलैबद्दल विचारा. भाडं, शाळा आणि मैदान यांतलं अंतर पायानं चालून बघा. आपल्या कामाचा प्रश्न तक्त्यात घाला, तो दुसरं कुणी घालणार नाही. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, त्या मुलांना सोबत न्या आणि मोकळं सोडा. ती आपापला प्रश्न बरोबर विचारतात.

आमच्या गटात ताईंची जागा अजून आम्ही भरलेली नाही. अकराच्या दहा झालो आहोत. बैठकीच्या दिवशी हजेरी संपली की फोन लावतो आणि त्या पलीकडून "हजर" म्हणतात.

नमस्कार.